शनिवारची कुदळ

सहाशे पत्रिका छापल्या, पाचशे नव्व्याण्णव वाटल्या, आणि सहाशेवी देताना घोटाळा उघडकीला आला.

ही शेवटची पत्रिका एलियासकाकांची होती. ज्या माणसाने हॉलसाठी स्वतःची जागा दिली, त्यालाच सगळ्यांच्या शेवटी पत्रिका, हे परक्याला विचित्र वाटेल. पण या घराची रीतच तशी. घरच्या माणसाला कसली पत्रिका, असं म्हणत म्हणत त्याला ती अगदी शेवटी द्यायची, किंवा द्यायचीच नाही. घरची थोरली सून चंद्रावती, तिच्या लग्नात याच रीतीपायी तिच्या नवऱ्याचा सख्खा मामा रुसून पेणच्या एसटी स्टँडवर बसून राहिला होता. चाळीस वर्षं झाली त्याला, पण त्यातून कुणी काही शिकलं असेल तर शपथ.

त्यात एलियासकाका पंधरा दिवस ठाण्याला पुतण्याकडे होते. येत्या मंगळवारी ते कायमचे इस्रायलला, लेकीकडे, नाओमीकडे निघायचे होते आणि त्याचे कागद व्हायचे होते. गुरुवारी संध्याकाळी ते रोह्याला परतले. शुक्रवारी सकाळी दिपिका, चंद्रावतीची सून, पत्रिका आणि पेढे घेऊन दोन घरं पलीकडे त्यांच्याकडे गेली आणि दहा मिनिटांत पेढ्यांसकट परत आली.

"आई, काका म्हणतात उद्या शनवार हाय."

चंद्रावती विळीवर भोपळा चिरत होती. "मग? शुक्रवारच्या पुढं काय सोमवार येतो कं?"

"त्यांचा शनवार, आई."

विळीवरचा हात थांबला. चंद्रावतीने पत्रिका ओढून घेतली आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचली. बहुउद्देशीय सभागृह, भूमिपूजन समारंभ. स्थळ, शनवार तेली आळी, रोहा. त्याच्याच खालच्या ओळीत, दिनांक, शनिवार, सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटं. दोन शनिवार एकाखाली एक, ठळक अक्षरांत, सोनेरी शाईत. सहाशे वेळा.

एलियासकाकांच्या वाडवडिलांचा तेलाचा घाणा होता. बेने इस्रायली लोक ते. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे आणि आळीलाही तेच नाव पडलं. बाकीची घरं केव्हाच इस्रायलला गेली. एक काका राहिले, आणि त्यांचा शनिवार राहिला. शनिवारी ते काडी ओढत नाहीत, पेन धरत नाहीत, कुठलं काम करत नाहीत. शनिवारी त्यांच्या दारात ताजी भाकरी पडत नाही, हे आळीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आळीच्या मंडळाच्या कार्यकारिणीला.

"बोलाव सगळ्यांना," चंद्रावती म्हणाली. "हरेशला आधी. जेवत असला तरी उठव."

बारा वाजेस्तोवर सगळे पडवीत जमले. हरेश, तिचा धाकटा दीर, मंडळाचा अध्यक्ष. नगरपालिकेचं तिकीट मिळेल या आशेवर गेलं वर्षभर त्याने पांढऱ्याशिवाय दुसरा शर्ट घातला नव्हता. काशीबाय, थोरली नणंद, पेणहून कालच आलेली. घरातल्या कुठल्याही शुभकार्यात काय चालतं आणि काय चालत नाही हे ठरवायचा मक्ता तिचा. आणि गोविंदा, चंद्रावतीचा नवरा. धाटावच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून त्याच्याकडे कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर होतं, ते म्हणजे "बघू".

"तारीख कुणी काढली?" चंद्रावतीने विचारलं.

"भटजींनी तीन दिल्या. त्यातली साहेबांना शनवारची जमली," हरेश म्हणाला. हॉलच्या बांधकामाचा निधी आमदारसाहेबांचा, म्हणून कुदळही साहेबांच्या हस्ते, असं त्याने परस्पर ठरवून टाकलेलं.

"आणि आपल्या आळीचं नाव तुला वाचता येत नाय?"

"वैनी, पत्रिका तू पण वाचलीस. दोनदा."

हे खरं होतं, आणि म्हणूनच चंद्रावती जास्त भडकली. निमंत्रकांत बचत गटाच्या बायकांची नावं आहेत की नाहीत, एवढंच तिने दोन्ही वेळा तपासलं होतं. आपलं नाव शोधताना माणूस दुसऱ्याचं काय वाचतो!

"ते जाऊ दे. पुढं ढकला. रविवारी करा."

"रविवारी साहेब अलिबागला. सोमवारी आचारसंहिता लागणार म्हणतात. एकदा लागली की निवडणूक होईस्तोवर नारळ पण फोडता येणार नाय." हरेश बोटं मोजत होता. "मंडप पडलाय. पाचशे माणसांचं जेवण सांगितलंय. जागा मंडळाच्या नावावर झालीय, सही-शिक्क्यानिशी. काका आले तर आनंदच हाय. नाय आले तर..."

"नाय आले तर काय?"

हरेशने पुढचं वाक्य गिळलं, पण ते सगळ्यांना ऐकू आलं होतं.

गेल्या शिमग्याला पनवेलचा एक बिल्डर काकांच्या पायरीवर येऊन बसला होता. काकांनी त्याला पाणी दिलं आणि चंद्रावतीला हाक मारली. तिनेच सांगितलं, काका, बिल्डरला नको, आळीला द्या. हळद लागते ती भर रस्त्यात, बचत गट बसतो तो कुणाच्या तरी पायरीवर, फर्स्ट शिफ्ट करून आलेल्या पोरांना टेकायला जागा नाही. काका म्हणाले, देतो. पण पहिली कुदळ माझ्या हातची, बापाचा घाणा होता तिथं. पैसा नको, पाटी नको, फोटो नको. चंद्रा, तू शब्द दे. आणि तिने दिला. मंडळाने नाही, हरेशने नाही, साहेबांनी तर नाहीच नाही. शब्द तिने दिला होता, आणि माणूस मंगळवारी जाणार होता तो परत न येण्यासाठी.

"शब्द मी दिलाय," ती म्हणाली. "पहिली कुदळ त्यांचीच."

"साहेबांची वेळ काय आपल्या हातात हाय?" काशीबायने हरेशची बाजू घेतली. "एवढा मोठा माणूस दारात येतो, त्याला काय सांगणार, परत जा म्हणून?"

हरेशला तेवढ्याने जोर चढला. "मी काय म्हणतो, उद्या साहेबांच्या हस्ते करून घेऊ. रविवारी सकाळी काकांना आणू. जराशी माती लोटून ठेवू, भुई कोरी दिसेल अशी. त्यांना वाटेल पहिली आपलीच. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

"हरेश!" हे काशीबाय ओरडली. ती इतक्या चटकन उलटेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. "भुईला पहिली कुदळ एकदाच लागते. फसवाफसवी माणसाशी कर, भुईशी नको करू. अशा हॉलात आपल्या नातींची हळद लागणार हाय."

"मग बाय माझ्या बाजूची ना?" चंद्रावतीने लगेच संधी साधली. "आजच करू. आता तीन तासांत. साहेब नकोत, मंडप नको. काका येतील, कुदळ मारतील. उद्या तुमचा समारंभ करा."

"आज?" काशीबायने कपाळाला हात लावला. "आज अवस हाय गो. अवसेला भुई उकरतेस?" आणि ती परत हरेशकडे सरकली.

"उद्या सांजचं करता येईल," दिपिका हळूच म्हणाली. "काकांचा शनवार आकाशात तारे दिसले की सुटतो. हन्नाकाकी असताना मला सांगायच्या. साहेबांना संध्याकाळी बोलवा."

दोन क्षण सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. हरेशने फोनसुद्धा उचलला.

"दिवे लागल्यावर भुईला लोखंड लावीत नाय," काशीबाय म्हणाली.

"बाय, हे कुठं लिवलंय?"

"लिवायला कशाला लागतंय? आपण लावीत नाय."

हरेशने फोन खाली ठेवला. तसंही साहेब संध्याकाळी माणगावला होते.

चंद्रावतीला वाटलं, या चौघांना पडवीत कोंडावं, बाहेरून कडी घालावी आणि सरळ माहेरी निघून जावं. एकाला साहेब सुटत नाहीत, एकीला अवस सुटत नाही, तिकडे काकांना शनिवार सुटत नाही. सगळ्यांचं सगळं जिथल्या तिथे, आणि मध्ये शब्द देऊन अडकलेली ती एकटी. शेवटचा उपाय म्हणून ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही तरी काय बोला. थोरले ना तुम्ही?"

गोविंदाने तंबाखू मळली, चिमूट दाढेखाली ठेवली, आणि बराच विचार केल्यासारखं करून म्हणाला, "बघू."

चार वाजता ती काकांकडे गेली. दार उघडंच होतं. ओटीवर दोन बॅगा पसरलेल्या आणि काका एका बॅगेसकट स्वतः वजनकाट्यावर उभे. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, बनियनवर, हातात बॅग उचलून.

"चंद्रा, काटा वाच गो. मला खाली वाकून दिसत नाय."

"एकोणनव्वद."

"बॅगेशिवाय मी त्रेसष्ट. म्हणजे सव्वीस. तीन किलो जास्त." त्यांनी बॅग खाली टाकली. "नाओमी सांगते तेवीसच्या वर नाय चालत. पोहे काढू की कोकम काढू? पोहे काढले तर तिकडं मलिदा कशाचा करू? तिकडचे पोहे म्हणजे कागद."

"काका, तुम्हाला पोह्याचं सुचतंय? तिकडं घरात रामायण झालंय."

"दिपिका सांगून गेली. बस."

ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं, साहेब, अवस, आचारसंहिता, दिवेलागण, आणि सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला. "आणि तुम्ही पण! एक दिवस, काका. एकच. तुमचा देव काय एवढा हिशेबी हाय? जाता जाता एकदा कुदळ उचलली तर काय बिघडणार?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. काका मात्र रागावले नाहीत. त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, वर तेल सोडलं, वात सारखी केली. सूर्य बुडायच्या आत लावायचा दिवा होता तो.

"माझ्या बापाला एकदा तीन लग्नांचं तेल एका शनवारी हवं होतं," ते म्हणाले. "ज्याला हवं होतं तो तुझा आजेसासरा. बापानं घाणा फिरवला नाय. तुझा आजेसासरा आठ दिवस बोलला नाय. नवव्या दिवशी आला आणि म्हणाला, तेली, तू फिरवला असतास तर मी तुझ्याकडचं तेल बंद केलं असतं. आता मी उद्या कुदळ उचलू? कुणासाठी? तुम्हीच मला हसाल."

"मग माझ्या शब्दाचं काय करू?"

काकांनी वात आणखी जराशी वर ओढली.

"तू या आळीत आलीस तवा एकोणीस वर्षांची होतीस ना?" ते म्हणाले. "दुसऱ्याच शनवारी सकाळी आमच्या दारात उभी. हन्नानं तुला बोलावलं नव्हतं. आम्ही सांगू शकत नाय, आम्हाला चालत नाय ते. तू आपणहून आत गेलीस, स्टोव्ह पेटवलास, चहाचं आधण ठेवलंस आणि निघून गेलीस. चाळीस वर्षं. हन्ना गेली त्या शनवारी पण आलीस. शनवारी या घरात जे काय झालं ते तुझ्या हातानं झालं, चंद्रा. शनवारी माझा हात म्हणजे तूच."

चंद्रावतीला त्यांचं म्हणणं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती घाबरली. "मी? अहो, साहेबांसाठी रिबीन बांधलेली कुदळ हाय ती. हरेश मला उभी जाळील. काशीबाय तर..."

"मी उद्या येणार. चालत यायला बंदी नाय. पहिल्या रांगेत बसणार. कशाला हात लावणार नाय, आणि तुला काय करायचं ते सांगणार पण नाय." काकांनी काडेपेटी घेतली. "आज अजून शुक्रवार हाय म्हणून सांगितलं. तुला नाय जमलं तरी तू शब्द मोडलास असं मी धरणार नाय. जा आता. मला दिवा लावायचाय."

शनिवारी साडेदहालाच मंडप भरला. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, धाटावच्या कंपनीतली पोरं रात्रपाळी सुटल्यावर गणवेशातच आलेली. बॅनरवर साहेब कमरेपर्यंत, हरेश छातीपर्यंत, आणि जागा देणाऱ्याचं नाव तळाला, मंडपवाल्याच्या फोन नंबरच्या वर. एलियासकाका इस्त्रीचा सदरा आणि डोक्यावर गोल टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

अकरा वाजले. साहेबांच्या पीएचा फोन लागला. साहेब निघाले होते. सव्वाअकराला परत लागला. साहेब वडखळच्या ट्रॅफिकमध्ये होते.

"वडखळ म्हणजे तासभर तरी गेला," कुणीतरी म्हणालं.

भटजींनी घड्याळ दाखवलं. "दोन मिनिटं आहेत. नंतर आज मुहूर्त नाही."

"थांबायचं," हरेश म्हणाला. त्याचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. "साहेब आल्याबिगर कुदळ उचलायची नाय. मुहूर्त म्हणजे काय, पाच मिनिटं इकडं तिकडं."

"तास," भटजी म्हणाले.

चंद्रावती उठली. उठायचं तिने ठरवलं नव्हतं. रात्रभर तिने न उठण्याचीच कारणं जमवली होती, आणि चांगली भरपूर जमली होती. पण हरेशचं ते 'पाच मिनिटं इकडं तिकडं' तिच्या डोक्यात गेलं. काल अवस हलत नव्हती, दिवेलागण हलत नव्हती, काकांसाठी एक मिनिट इकडचं तिकडे होत नव्हतं. आणि आज साहेबांसाठी अख्खा मुहूर्त वडखळला नेऊन ठेवायला सगळे तयार! तिने पदर खोचला, पाटावरची कुदळ उचलली आणि रिबीन ओढून काढली.

"वैनी, ठेव ती." हरेश आडवा आला. "दादा, सांग तिला!"

सगळा मंडप गोविंदाकडे बघायला लागला. गोविंदाने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा भावाकडे, आणि खुर्चीत जरा आरामात मागे टेकला.

"बघू," तो म्हणाला.

तेव्हा काशीबाय उठली. चंद्रावतीला वाटलं, झालं, आता बाईमाणसाने कुदळ धरली म्हणून ही मंडप डोक्यावर घेणार. काशीबाय सरळ हरेशजवळ गेली आणि त्याचा दंड धरून त्याला बाजूला केलं. "मुहूर्त जातोय रे. साहेब परत येईल, येळ येणार नाय. मार गो चंद्रा."

घाण्याची जागा कुठली ते तिला दाखवावं लागलं नाही. तिने कुदळ वर नेली. नजर नको म्हटलं तरी काकांकडे गेली. ते तिच्याकडेच बघत होते आणि त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट मिटलेले होते, जणू त्यांच्या अंगातला जोर ते तिथेच आवरून धरत होते. तिने मारली. भुई कडक होती, पहिला घाव जेमतेम चार बोटं आत गेला. भटजींनी नारळ फोडला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मग पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि हरेश कपाळाला हात लावून ध्वनिक्षेपकाच्या खोक्यावर बसला.

साहेब पावणेएकला आले. घाईत होते, पण हसतमुख. हरेशने तोवर रिबीन परत बांधली होती आणि चंद्रावतीने उकरलेली माती पायाने लोटून सारखी केली होती. ते बघून चंद्रावतीच्या अंगाचा तिळपापड झाला. माती लोटायची ती लोटलीच शेवटी, फक्त काकांऐवजी साहेबांसाठी. पण पाचशे माणसांसमोर पाहुण्याचा अपमान कोण करणार? ती गप्प बसली. आळी गप्प बसली. फोटोवाला गुडघ्यावर बसला.

हरेशने माईक घेतला. "आता, माननीय साहेबांच्या शुभहस्ते, आपल्या आळीच्या सभागृहाची पहिली कुदळ..."

"दुसरी," एलियासकाका म्हणाले.

ते मोठ्याने बोलले नव्हते. पण पहिल्या रांगेत होते आणि माईक समोरच होता, त्यामुळे तो शब्द मंडपाच्या चारी कर्ण्यांतून बाहेर पडला आणि पार आळीच्या टोकापर्यंत गेला. साहेबांची कुदळ वरच्या वर थांबली. त्यांनी हरेशकडे बघितलं. हरेशने माईकवर हात ठेवला.

"काका, काय हे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी मागाहून समजावतो सगळं."

काकांना जेवढं बोलायचं होतं तेवढं बोलून झालं होतं. हरेशने मग काशीबायकडे बघितलं, तर ती म्हणाली, "दुसरीच हाय ती." बायकांच्या रांगेतून कुणीतरी तेच म्हणालं, मग आणखी कुणी. चंद्रावती नुसती दिराकडे बघत राहिली. लहानपणी याला गोवर आला तेव्हा आठ रात्री हन्नाकाकीच्या मांडीवर निजलेला हा पोरगा, आणि आज पांढऱ्या शर्टात घामाने भिजून उभा.

काकांच्या घरात शनिवारी कुणाचे हात चालतात, हे हरेशलाही ठाऊक होतं. त्याने माईकवरचा हात काढला. घसा खाकरला. तिकीट त्याच्या डोळ्यांसमोरून जाताना सगळ्यांना दिसत होतं.

"साहेबांच्या शुभहस्ते दुसरी कुदळ," तो म्हणाला. पुढचं बोलायला त्याला दोनदा तोंड उघडावं लागलं. "पहिली आमच्या एलियासकाकांची झाली."

दोन दिवस आवरून धरलेलं रडू चंद्रावतीने तिथेच, सगळ्या आळीसमोर सोडून दिलं.